बर्फातला वाचनवर्ग

ब्रिटनमध्ये संपावर गेलेल्या माणसाने घरी बसून राहायचे नसते. कामाच्या ठिकाणच्या फाटकाशी उभे राहायचे, आत जाणाऱ्याला आपले म्हणणे सांगायचे, हातात पत्रक ठेवायचे आणि तरीही तो आत निघालाच तर वाट सोडायची. याला पिकेट म्हणतात. एका फाटकावर सहापेक्षा जास्त माणसे नसावीत, असा सरकारी आचारसंहितेचा सल्ला आहे. खाणकामगारांच्या गावांत पिकेट ओलांडून कामावर गेलेल्याशी शेजारीपाजारी वर्षानुवर्षे बोलत नसत. प्राध्यापकांच्या जगाला मात्र ही रीत अंगवळणी पडलेली नव्हती. त्यांचे संप व्हायचे ते एकदोन दिवसांचे, निषेध नोंदवण्यापुरते. त्यामुळे २२ फेब्रुवारी २०१८ या गुरुवारी साठाहून अधिक विद्यापीठांच्या फाटकांवर प्राध्यापक, ग्रंथपाल आणि संशोधक उभे राहिले, तेव्हा त्याचे अप्रूप बघणाऱ्यांपेक्षा उभे राहणाऱ्यांनाच जास्त होते.

पुढच्याच आठवड्यात सायबेरियाकडून आलेली थंडीची लाट देशावर कोसळली. वर्तमानपत्रांनी तिला ‘पूर्वेकडचे श्वापद’ म्हटले. लोकरीच्या टोप्या, थर्मासमधला चहा, कुणाचा कुत्रा, कुणाचे गिटार, घरी करून आणलेला केक, असा सगळा सरंजाम बर्फात मांडला गेला. स्कॉटलंडमधल्या काही विद्यापीठांनी हवामानामुळे २८ तारखेला स्वतःहूनच सुट्टी जाहीर केली. म्हणजे संप होता, पण ज्याच्या विरुद्ध तो करायचा ते विद्यापीठच बंद!

या गर्दीत एक छोटा, वरवर पाहता क्षुल्लक प्रश्न बऱ्याच विभागांमध्ये उभा राहिला. वाचनगटाचे काय करायचे?

वाचनगट ही तिथल्या विद्यापीठांमधली जुनी आणि अनौपचारिक सवय. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा, संध्याकाळी, विभागातल्या एखाद्या खोलीत दहाबारा जण जमतात. बहुतेक पीएच.डी.चे विद्यार्थी, एखाददुसरा प्राध्यापक, कधी गावातला एखादा हौशी वाचक. एक प्रकरण किंवा एक लेख सगळ्यांनी वाचून आणायचा आणि दीडदोन तास त्यावर बोलायचे. हजेरी नाही, परीक्षा नाही, नेमणुकीच्या करारात उल्लेख नाही, आणि पगार तर नाहीच. मग संपाच्या दिवशी तो भरवणे म्हणजे संप फोडणे का? ज्या कामाचा पैसाच मिळत नाही ते थांबवून मालकाचे काय बिघडणार? पण खोली विद्यापीठाची आणि खोलीपर्यंतची वाट फाटकातून, म्हणजे पिकेट ओलांडूनच. शिवाय त्या खोलीत बसून पुस्तकावर चर्चा करणारे प्राध्यापक बाहेरून कामावर असलेल्या प्राध्यापकांसारखेच दिसणार.

वरवर कायद्याचा किंवा शिष्टाचाराचा वाटणारा हा प्रश्न खरे तर विद्यापीठातले काम म्हणजे नेमके काय, असा होता. कारखान्यात भोंगा वाजला की काम संपते. प्राध्यापकाचे वाचन कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे त्यालाही सांगता येत नाही. विद्यापीठे चालतात ती या न मोजलेल्या तासांवर. अनेक गटांनी आपली बैठक रद्द केली, आणि रद्द का केली हे सभासदांना कळवले. हे कळवणे हेच त्यांचे समर्थन होते. काही गट फाटकाबाहेर पडले आणि चर्चच्या सभागृहात, कॅफेत, पबच्या मागच्या खोलीत भरू लागले. आणि काहींनी पुस्तकच बदलले. मध्ययुगीन काव्य किंवा फ्रेंच तत्त्वज्ञान बाजूला ठेवून विद्यापीठ, श्रम आणि कर्ज यांवरचे लेख समोर घेतले.

बाहेर भरणाऱ्या या वर्गांना ‘टीच-आउट’ असे नाव होते. शब्दाची घडण अमेरिकन ‘टीच-इन’वरून झालेली. मार्च १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ एक दिवस वर्ग बंद ठेवायचे ठरवले होते. राज्याच्या राजकारण्यांनी आणि विद्यापीठाच्या प्रशासनाने गहजब केल्यावर त्यांनी बेत फिरवला. वर्ग बंद ठेवायचे नाहीत, उलट रात्रभर शिकवायचे. २४ मार्चच्या रात्री सुमारे तीन हजार माणसे आली. संपाला मिळालेला तो पर्याय पुढे देशभर पसरला. ब्रिटनमध्ये तर याहून जुनी मुळे सापडतात. ऑक्सफर्डमधल्या रस्किन कॉलेजात खाणीतून आणि रेल्वेतून आलेले कामगार शिकत. त्यांतल्या काहींनी १९०८ मध्ये ‘प्लेब्स लीग’ स्थापली. आपल्याला मार्क्सचे अर्थशास्त्र शिकायचे आहे, ऑक्सफर्डचे संस्कार नकोत, असा त्यांचा आग्रह होता. १९०९ मध्ये त्यांचे प्राचार्य डेनिस हर्ड यांना पदावरून काढले, तेव्हा या विद्यार्थ्यांनी हर्ड सोडून बाकी सगळ्यांच्या व्याख्यानांवर बहिष्कार घातला. त्या संपातून सेंट्रल लेबर कॉलेज ही वेगळी संस्थाच उभी राहिली. पुढे ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी करणारे अन्यूरिन बेव्हन तिथे शिकले. शिक्षकासाठी वर्ग सोडायचा आणि वर्गाबाहेर वाचन चालू ठेवायचे, ही जोडी २०१८ ची नव्हे.

आता २०१८ च्या भांडणाकडे. ते पेन्शनचे होते. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा विषय समजावून सांगायची गरज नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या सरकारी नोकराला जुनी पेन्शन नाही, या एका ओळीने आपल्याकडच्या किती शिक्षक-खोल्यांमधल्या गप्पा व्यापल्या आहेत हे सगळे जाणतात. ब्रिटनमधला पेच थोडा निराळा होता. १९७५ मध्ये सुरू झालेली ‘युनिव्हर्सिटीज सुपरॲन्युएशन स्कीम’, म्हणजे यूएसएस, ही प्रामुख्याने जुन्या विद्यापीठांची सामाईक योजना. १९९२ नंतर विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थांतले शिक्षक बहुतांशी सरकारी हमी असलेल्या दुसऱ्या योजनेत आहेत. म्हणूनच हा संप सगळीकडे न होता साठपासष्ट विद्यापीठांपुरता राहिला. सरकारी तिजोरी यूएसएसच्या मागे नाही. सभासद आणि विद्यापीठे दरमहा पैसे भरतात, ते गुंतवले जातात आणि त्यातून पेन्शन दिली जाते.

ही योजना टप्प्याटप्प्याने खाली येत गेली. आधी पेन्शन शेवटच्या पगारावर ठरे. २०११ मध्ये नव्यांसाठी ते बंद झाले आणि २०१६ मध्ये सगळ्यांसाठी. त्यानंतर पेन्शन नोकरीभराच्या सरासरी पगारावर आली, आणि तीही ५५,००० पौंडांपर्यंतच्या पगारावर. २०१७ च्या मूल्यांकनात योजनेने सुमारे ६.१ अब्ज पौंडांची तूट दाखवली. तेव्हा कुलगुरूंची संघटना ‘युनिव्हर्सिटीज यूके’ हिने प्रस्ताव ठेवला की ठरलेली पेन्शन हा प्रकारच यापुढे थांबवावा. प्रत्येकाच्या नावावर पैसे जमतील, शेअर बाजार चढला तर वाढतील, पडला तर घटतील. संघटित प्राध्यापकांच्या ‘युनिव्हर्सिटी अँड कॉलेज युनियन’ने (यूसीयू) हिशेब मांडला की सर्वसाधारण व्याख्यात्याला म्हातारपणी वर्षाला सुमारे दहा हजार पौंडांचा फटका बसेल.

दोन्ही बाजूंचे पाच-पाच प्रतिनिधी आणि एक स्वतंत्र अध्यक्ष अशी वाटाघाटींची समिती होती. २३ जानेवारी २०१८ रोजी अध्यक्षांचे मत विद्यापीठांच्या बाजूने पडले. त्याच सुमारास यूसीयूच्या मतदानाचा निकाल आला होता. ५८ टक्के सभासदांनी मत दिले आणि त्यांपैकी ८८ टक्के संपाच्या बाजूचे होते. या ५८ चे महत्त्व असे की २०१६ च्या कायद्याने निम्म्याहून कमी मतदान झाल्यास संपच बेकायदा ठरवला होता. टपालाने पाठवायच्या कागदी मतपत्रिकेवर तो उंबरठा ओलांडणे सोपे नव्हते.

पार्श्वभूमीही तापलेली होती. इंग्लंडमधल्या विद्यार्थ्याची वर्षाची फी १९९८ मध्ये हजार पौंड होती, २००६ मध्ये तीन हजार, २०१२ मध्ये नऊ हजार आणि २०१७ मध्ये ९,२५०. दुसरीकडे बाथ विद्यापीठाच्या कुलगुरू ग्लिनिस ब्रेकवेल यांचा ४,६८,००० पौंडांचा पगार २०१७ मध्ये इतका गाजला की त्यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली. अशा वेळी ‘आपल्याकडे पैसे नाहीत’ हे वाक्य कुणाच्या तोंडी शोभते, हा प्रश्न विद्यार्थीही विचारू लागले. फीचे पैसे परत मागणारे अर्ज निघाले, पण त्यांचा रोख प्राध्यापकांवर नव्हता, तो प्रशासनावर होता. ग्राहक झालेला विद्यार्थी संपकऱ्यांवर चिडेल हा विद्यापीठांचा अंदाज चुकला. अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतींमध्ये ठाण मांडले.

संपाचे वेळापत्रक चढत्या क्रमाने आखले होते. पहिल्या आठवड्यात दोन दिवस, मग तीन, मग चार, मग पाच. एकूण चौदा दिवस, आणि चौदाही दिवसांचा पगार कापला जाणार. परदेशी नागरिकांना आणखी एक धास्ती होती. बिनपगारी गैरहजेरीचे दिवस फार झाले तर कामाचा व्हिसा धोक्यात येईल का? भारतीय, चिनी, अमेरिकी अशा कितीतरी तरुण संशोधकांनी या एका कारणाने फाटकावर उभे राहताना दहादा विचार केला. कायदेशीर संपाचे दिवस त्यात धरले जाणार नाहीत, हा खुलासा गृहखात्याने केला तो जुलैमध्ये, संप संपून गेल्यावर.

या चौदा दिवसांतली सर्वांत विलक्षण गोष्ट फाटकावर घडली नाही, असे मला वाटते. ती कागदांवर घडली. पेन्शनचे मूल्यांकन हा विमागणितज्ञांचा प्रांत. सामान्य सभासद ते दस्तऐवज उघडतही नाही, आणि त्यावरच सगळा कारभार चालतो. पण इथले सभासद होते गणिती, संख्याशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, इतिहासकार. अवघड मजकूर घेऊन बसणे हाच त्यांचा धंदा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मायकेल ओत्सुका यांनी योजनेच्या गृहीतकांची चिरफाड करणारे लेख एकामागून एक लिहिले. पुढे ‘यूएसएस ब्रीफ्स’ नावाची लहान निबंधांची मालिका निघाली. लिहिणारे विद्यापीठांतलेच, एकमेकांचे मसुदे तपासणारे. संपाने वाचनगटांच्या नेहमीच्या बैठका बंद पाडल्या आणि त्याच वेळी हजारो सभासदांचा एक अवाढव्य वाचनगट उभा केला.

या वाचनातून काय निघाले? पहिले म्हणजे ६.१ अब्जांची तूट ही बँकेच्या खात्यातल्या शिलकेसारखी पक्की रक्कम नव्हती. पुढच्या कित्येक दशकांत गुंतवणुकीवर किती परतावा मिळेल या अंदाजावर ती उभी होती. अंदाज थोडा कडक केला की तूट फुगते, थोडा सैल केला की विरते. योजनेत दरवर्षी येणारा पैसा दिल्या जाणाऱ्या पेन्शनपेक्षा जास्तच होता. दुसरे म्हणजे, गुंतवणुकीतली जोखीम कमी करा असा विद्यापीठांचाच आग्रह आहे, असे एका पाहणीच्या आधारे सांगितले जात होते. त्या पाहणीत जोखीम कमी हवी म्हणणारे ४२ टक्के होते. पण ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची श्रीमंत कॉलेजे त्यांच्या विद्यापीठांपासून वेगळी, एकेक मत धरून मोजली गेली होती, हे उघड झाले. हजारो कर्मचाऱ्यांच्या विद्यापीठाचे एक मत आणि मूठभर फेलो असलेल्या कॉलेजचेही एक.

ऑक्सफर्डमध्ये तर ६ मार्चला नाट्यच घडले. तिथे ‘काँग्रिगेशन’ ही पाच हजारांहून अधिक सभासदांची सर्वोच्च सभा आहे. विद्यापीठाने पेन्शनबाबतची आपली भूमिका बदलावी असा ठराव शेल्डोनियन थिएटरमध्ये यायचा होता. नियमाप्रमाणे वीस सभासद उभे राहिले की विषय तहकूब होतो. तेवढे उभे राहिले आणि ठराव अडला. मग उरलेले सभासद काळे झगे सावरत बाहेर अंगणात आले आणि तिथेच मत घेतले. ४४२ विरुद्ध २. हे मत नियमाने बंधनकारक नव्हते, पण दुसऱ्याच दिवशी कुलगुरू लुईस रिचर्डसन यांनी विद्यापीठाची भूमिका बदलल्याचे जाहीर केले. केंब्रिजचे कुलगुरू स्टीफन टूप यांचाही सूर तोवर मऊ झाला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या कारखानदारांनी अशी माघार चौदा दिवसांत घेतली नसती. कुलगुरूंना ती घ्यावी लागली, कारण त्यांचे कामगार त्यांच्याच सभांचे सभासद होते.

१२ मार्चच्या संध्याकाळी सरकारी लवादाच्या मध्यस्थीने एक तडजोड जाहीर झाली. तीन वर्षांपुरती ठरलेली पेन्शन राहील, पण पगाराची मर्यादा ४२,००० पौंडांवर येईल, सभासदांनी जास्त भरायचे आणि बुडालेले तास भरून द्यायचे. युनियनच्या नेतृत्वाला हे पदरात पाडून घ्यावेसे वाटले. सभासदांना नाही. रात्रभरात समाजमाध्यमांवर तडजोडीचे एकेक कलम सोलून काढले गेले. १३ मार्चला सकाळपासून शाखांच्या सभा फाटकांवरच भरल्या आणि शाखेमागून शाखा ‘नाही’ म्हणत गेली. लंडनमध्ये युनियनच्या कार्यालयाबाहेर त्यांचेच सभासद घोषणा देत उभे होते. दुपारपर्यंत तडजोड बारगळली. ‘बुडालेले तास भरा’ हे कलम लोकांना सर्वांत जास्त झोंबले, आणि ते साहजिक होते. पगार कापायचा आणि काम मात्र करून घ्यायचे, म्हणजे संप फुकटात विकत घेण्यासारखेच. काही विद्यापीठांनी तास न भरणाऱ्यांचा आणखी पगार कापण्याची धमकी दिली आणि बोभाटा झाल्यावर ती गिळली.

महिनाअखेर नवा प्रस्ताव आला. दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांची संयुक्त समिती मूल्यांकनच पुन्हा तपासेल आणि तोवर पेन्शन आहे तशी राहील. १३ एप्रिलला त्यावरच्या मतदानाचा निकाल लागला. ६४ टक्के सभासदांनी तो स्वीकारला. स्वीकारू नये म्हणणाऱ्यांचे म्हणणे होते की हातात काहीच पडलेले नाही, समिती म्हणजे वेळकाढूपणा. ते पूर्णपणे बरोबर ठरले नाहीत, पूर्णपणे चूकही नाही. सप्टेंबरमध्ये जोआन सेगर्स यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अहवाल दिला. योजना चालवायला पगाराच्या ३६.६ टक्के लागतील असे यूएसएस म्हणत होती, समितीच्या मते २९.२ टक्के पुरेसे होते. फाटकावर बर्फात उभे राहून लोक जे म्हणत होते तेच तज्ज्ञांनी लिहून दिले. ठरलेली पेन्शन मोडीत काढण्याचा प्रस्ताव गेला तो गेलाच.

भांडण मात्र संपले नाही. वॉरिक विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापक जेन हटन योजनेच्या विश्वस्त होत्या. आपल्याला आकडे दाखवले जात नाहीत अशी तक्रार त्यांनी केली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांना विश्वस्तपदावरून काढण्यात आले. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजने त्याच वर्षी कोट्यवधी पौंड भरून योजनेतून अंग काढून घेतले. जो ग्रेडी या शेफील्डमधल्या व्याख्यात्या पेन्शनच्या कागदांवर लिहूनच सभासदांना माहीत झाल्या होत्या. २०१९ मध्ये त्या थेट युनियनच्या सरचिटणीस झाल्या. वाचणाऱ्यांना मिळालेली ही सत्ता म्हणावी लागेल.

पण या विजयाची एक बाजू त्या वेळच्या जल्लोषात दबून गेली. बाहेर भरणारे वाचनगट आणि टीच-आउट चालवण्यात पीएच.डी.चे विद्यार्थी आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण पुढे होते. त्यांच्यापैकी अनेकांना या पेन्शनचा मागमूस नव्हता. तुटपुंज्या मानधनातून आठ टक्के वर्गणी परवडत नाही म्हणून काहींनी योजनेतून नाव काढून घेतले होते, आणि काहींचा करार पुढच्या सत्रात राहील की नाही याचीच शाश्वती नव्हती. ते उभे राहिले ते दुसऱ्यांच्या म्हातारपणासाठी. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना यात काही अनोळखी वाटणार नाही. नोव्हेंबर २०१९ आणि फेब्रुवारी २०२० च्या संपांत कंत्राटी नेमणुका, कामाचा बोजा, स्त्रियांचा आणि कृष्णवर्णीयांचा कमी पगार हे मुद्दे पेन्शनच्या बरोबरीने आले ते याच तरुणांच्या रेट्यामुळे. त्या बाबतीत हाती फारसे लागले नाही.

यूएसएसचे पुढचे मूल्यांकन ३१ मार्च २०२० च्या तारखेचे झाले. करोनाने जगभरचे बाजार कोसळले होते ते नेमके हेच दिवस. त्या एका दिवसाच्या भावांवर १४.१ अब्जांची तूट निघाली आणि एप्रिल २०२२ पासून पेन्शनला मोठी कात्री लागली. पुन्हा संप झाले. मग मार्च २०२३ चे मूल्यांकन आले. तूट नाही, ७.४ अब्ज पौंडांची शिल्लक! सभासदांची वर्गणी ९.८ टक्क्यांवरून ६.१ टक्क्यांवर उतरली, विद्यापीठांची २१.६ वरून १४.५ वर.

१ एप्रिल २०२४ पासून कापलेले लाभ पुन्हा लागू झाले. त्याच वसंतात लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजने १३० पर्यंत अध्यापकांच्या जागा कमी करण्याचा बेत पुढे रेटला, आणि केंट विद्यापीठाने तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम बंद करायला घेतला.